दोन इमारतींमधला अदृश्य पूल

एकाच शाळेच्या दोन इमारती तुम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिल्या असतील. रस्त्याच्या अलीकडे जुनी इमारत, पलीकडे नवी, आणि दोहोंमध्ये मैदान, थोडी घरे, चार झाडे. आता समजा, इंटरनेटची जोडणी जुन्या इमारतीत आहे आणि नव्या इमारतीतील संगणक नुसतेच पडून आहेत. दोन्हींमधले अंतर ४०० मीटर. हे संगणक एकाच जाळ्यात कसे आणायचे?

तार ओढावी, हे पहिले उत्तर सुचते. पण संगणकांच्या जाळ्यात वापरतात ती तांब्याची केबल सलग १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते. शिवाय दोन इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे असते. जवळपास वीज कोसळली तर दोन्हीकडच्या जमिनीच्या विद्युत्‌दाबात क्षणभर मोठा फरक पडतो, आणि तांब्याची तार हा फरक थेट संगणकांपर्यंत आणून पोहोचवते. म्हणून दोन इमारतींमध्ये तांबे ओढू नये. काचतंतूंची केबल मात्र उत्तम, कारण तिच्यातून वीज नव्हे तर प्रकाश जातो. खणायला जागा, पैसा आणि परवानगी असेल तर खुशाल काचतंतू टाकावेत, त्याहून चांगले काही नाही. पण मध्ये सार्वजनिक रस्ता किंवा परक्याची जमीन आली की काम अडते. अशा वेळी उपयोगी पडतो तो बिनतारी पूल.

ही कल्पना तशी जुनीच आहे. हवाई बेटांवरील विद्यापीठाच्या शाखा समुद्राने एकमेकींपासून तोडलेल्या होत्या. नॉर्मन अब्राम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओलहरींच्या साहाय्याने होनोलुलूचा संगणक दूरच्या जागांशी जोडला. त्या जाळ्याचे नाव होते अलोहानेट.

'पूल' हा शब्द येथे नुसत्या अलंकारासाठी वापरलेला नाही. संगणक आपला मजकूर लहान लहान पुडक्यांत पाठवतात आणि प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. पुलाचे यंत्र ही पुडकी पाहत राहते आणि कोणता पत्ता कोणत्या काठावरचा, हे मनाशी टिपून ठेवते. घेणारा याच काठावर असेल तर पुडके पलीकडे पाठवायचे कारण नाही. पलीकडचा असेल, किंवा कुठला ते अजून ठाऊक नसेल, तरच ते पुलावरून जाते. संगणकांना याचा पत्ताही नसतो. आपण सारे एकाच तारेवर आहोत अशीच त्यांची समजूत असते!

पुलाची दोन टोके म्हणजे दोन गच्च्यांवर समोरासमोर बसवलेल्या दोन तबकड्या. त्या बहुधा ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. आपल्या देशात या पट्ट्यातील ठरावीक शक्तीची यंत्रे २०१८ च्या नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर, त्याला ५८० कोटींनी भागा, म्हणजे लहरीची लांबी मिळेल ०.०५१७ मीटर. अवघी सव्वापाच सेंटिमीटर! हा आकडा लक्षात ठेवा, त्याचे आपल्याला पुढे काम आहे.

आता शक्तीचा हिशेब पाहू. यंत्र फक्त २० मिलिवॉट शक्ती बाहेर टाकते असे धरू. विजेरीचा लहानसा दिवाही याहून अधिक शक्ती खातो. मग ती ४०० मीटरवर पोहोचते कशी? दिव्यामागे आरसा लावला की प्रकाश एका दिशेला एकवटतो, तेच काम तबकडी करते. चांगली तबकडी समोरच्या दिशेला लहर २०० पट तीव्र करते. पलीकडची तबकडीही तितक्याच पटीने अधिक लहर गोळा करते. म्हणजे दोन्ही मिळून ४०,००० पट फायदा झाला. तरीसुद्धा निघालेल्या शक्तीचा सुमारे सव्वादोन लाखांवा भागच पलीकडे पोहोचतो, आणि तो पुरतो, कारण ग्राहक यंत्र फार संवेदनशील असते. पूल नीट चालेना की "शक्ती वाढवा" असे पुष्कळ जण म्हणतात. बहुतेक वेळा दोष शक्तीत नसतोच.

मग तो असतो कुठे? माझ्या पाहण्यातील एका शाळेची गोष्ट सांगतो. तिने एप्रिलमध्ये असाच पूल उभारला. एका गच्चीवरून दुसरीवरची तबकडी स्पष्ट दिसत होती, मध्ये फक्त दोन गुलमोहरांच्या उघड्या फांद्या. पूल झकास चालला. जून सरत आला आणि तो अडखळू लागला. जुलैत तर दिवसातून दहा वेळा तुटे. सगळ्यांनी दोष दिला पावसाला. दुकानदाराने दुप्पट किमतीचे यंत्र सुचवले आणि शाळेने ते घेतलेही. तेही अडखळले. वर्षभराची शिल्लक त्यात गेली, आणि नव्या इमारतीतील मुले पुन्हा रांगेने रस्ता ओलांडून संगणकाच्या तासाला येऊ लागली.

पाऊस खरोखर गुन्हेगार होता का? तासाला १०० मिलिमीटर म्हणजे धो धो पाऊस. तोसुद्धा ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीतून किलोमीटरमागे सुमारे एक डेसिबल, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा शक्ती, खातो. आपले अंतर तर त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. (६० गिगाहर्ट्झची यंत्रेही मिळतात. त्यांचे मात्र अशा पावसात खरेच हाल होतात, कारण तेथे हा आकडा ३० डेसिबलांच्या घरात जातो.) पाऊस निर्दोष ठरला. पण पावसाने जे उगवले, ते निर्दोष नव्हते.

हे कळण्यासाठी ऑग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच माणसाकडे जावे लागेल. गंमत म्हणजे हा पेशाने रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी खात्यातला अभियंता होता. वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, १८२७ साली, तो वारला. पण तेवढ्यात त्याने प्रकाशाच्या लहरी कशा वागतात याचे गणित मांडून ठेवले. रेडिओलहरींची तेव्हा कोणाला कल्पनाही नव्हती, तरी त्यांनाही तेच गणित लागू पडते. ते सांगते की लहर दोऱ्यासारख्या बारीक रेषेतून जात नाही. त्या रेषेभोवतीची बरीच जागाही ती वापरते.

किती जागा? पायथागोरसचा सिद्धांत तुम्हाला येतो, तेवढ्यावर हे काढता येईल. एका तबकडीपासून दुसरीपर्यंत सरळ रेषा काढा. तिच्या मध्यावर, २०० मीटरवर, रेषेपासून 'र' मीटर दूर एक बिंदू घ्या. त्या बिंदूवरून वळसा घालून जाणारी लहर सरळ वाटेपेक्षा थोडी अधिक चालेल. काटकोन त्रिकोणाची एक बाजू २०० आणि दुसरी 'र' असताना कर्ण २०० पेक्षा साधारण र² भागिले ४०० इतका मोठा असतो. असे दोन त्रिकोण आहेत, म्हणून एकूण जादा वाट झाली र² भागिले २००. ही जादा वाट लहरीच्या निम्म्या लांबीपेक्षा कमी असेपर्यंत ती लहर ग्राहकाच्या मदतीला येते. आपली निम्मी लांबी आहे ०.०२५८ मीटर. तिला २०० ने गुणा, ५.१७ आले. त्याचे वर्गमूळ सुमारे २.३.

म्हणजे रेषेच्या मध्यावर २.३ मीटर त्रिज्येची जागा लहरीला लागते! दोन्ही टोकांकडे ती निमुळती होत जाते. एकूण आकार लांबच लांब काकडीसारखा. याला पहिले फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ते सगळेच मोकळे असले पाहिजे असे नाही. त्रिज्येचा ६० टक्के भाग, येथे सुमारे १.४ मीटर, रेषेच्या सर्व बाजूंना मोकळा असला की व्यवहारात काम भागते. डोळ्यांना पलीकडची तबकडी दिसते, पण तेवढ्याने पुरत नाही, ते यामुळेच. प्रकाशाची लहर रेडिओलहरीपेक्षा हजारो पटींनी आखूड असते, म्हणून डोळ्याला फट पुरते, रेडिओला दालन लागते.

आता त्या गुलमोहरांचा उलगडा होईल. एप्रिलमध्ये फांद्या बोडक्या होत्या. जूनमध्ये त्यांना पालवी फुटली आणि पावसाने ती भिजली. ओली पाने या लहरी चांगल्याच शोषतात, आणि येथे तर पुलाच्या ऐन मध्यावर ओल्या पानांची दुहेरी भिंत उभी राहिली. एप्रिलच्या मानाने शक्ती हजारपटीने उतरली होती. यंत्र बदलून काय होणार? झाडे तोडणे हाही मार्ग नव्हता. त्यासाठी परवानगी लागते हे तर खरेच, पण मुले त्यांच्याच सावलीत डबा खात. तेव्हा तबकड्याच उंच करायच्या ठरल्या. येथेही एक बारीक भूमिती आहे. एकच टोक तीन मीटर उचलले तर रेषेचा मध्य फक्त दीड मीटर वर जातो. म्हणून दोन्ही गच्च्यांवर तीन-तीन मीटरचे लोखंडी नळ उभे केले, आणि त्यांवर जुनीच, स्वस्तातली यंत्रे चढवली. ती चालली.

उभारणीतल्या दोन-तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. तबकडी रोखताना यंत्रावर येणारा आकडा पाहत ती हळूहळू फिरवतात. आकडा वाढतो आणि मग उतरू लागतो. पण पहिल्याच उंचवट्यावर थांबू नये. मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना लहान उपझोत असतात आणि नवखा माणूस त्यांनाच मुख्य झोत समजतो. थोडे पुढे, थोडे मागे, वर आणि खाली फिरवून सर्वांत मोठा उंचवटा शोधावा. उंच नळावर वीज पडण्याचा धोका असतो, म्हणून तबकडी विद्युत्‌निवारकाच्या टोकाच्या खाली राहील असे पाहावे आणि नळाचे अर्थिंग नीट करावे. हे काम जाणत्या माणसाचे, विद्यार्थ्यांनी नळावर चढायचे नाही! पुलाला सांकेतिक शब्दाचे कुलूपही हवे, कारण हवेतून जाणारे पुडके शेजारच्या गच्चीवरही ऐकू येते.

हे सारे केवळ शाळेपुरते नाही. तमिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतील तपासणी केंद्रे अशाच दूर पल्ल्याच्या बिनतारी पुलांनी जोडली. या कामात अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाचे संशोधक त्यांच्यासोबत होते. गावातल्या रोग्याला रुग्णालयातला डॉक्टर पडद्यावर पाहू लागला आणि कित्येकांची शहराची खेप वाचली. व्हेनेझुएलात २००७ साली दोन डोंगरांमध्ये असा एक पूल ३८२ किलोमीटर लांब नेण्यात आला. तेथेही खरी भिस्त यंत्राच्या शक्तीपेक्षा मोठ्या तबकड्यांवर आणि डोंगरांच्या उंचीवर होती.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. तुमच्या शाळेपासून ग्रंथालयाची इमारत बरोबर एक किलोमीटर दूर आहे आणि लहर तीच, ५.८ गिगाहर्ट्झची. मध्यावर फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या किती येईल? आणि वाटेत ठीक मध्यावर ९ मीटर उंचीचे एक झाड असेल, तर दोन्ही तबकड्या जमिनीपासून निदान किती उंचीवर हव्यात? जमीन सपाट आहे असे समजा. (उत्तर: त्रिज्या सुमारे ३.६ मीटर. तिचे ६० टक्के सुमारे २.२, म्हणून तबकड्या निदान ११.२ मीटर उंचीवर. मात्र झाड दरवर्षी वाढते, हे धरून थोड्या अधिकच.)