क्लाउडवर ठेवा, पण घरातही
जव्हार-मोखाड्यातले बोहाड्याच्या मुखवट्यांचे, भातलावणीचे, वारली लग्नचौकाचे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर एकाच हार्ड डिस्कमध्ये असतील, तर ते एका धाग्यावर लटकलेले आहेत. पावसाळ्यातली दमट हवा आणि विजेचा लपंडाव पाहता डिस्क कधी दगा देईल, सांगता येत नाही. म्हणून एक प्रत क्लाउडवर हवीच. रेंज नसते, हा आक्षेप रास्त आहे. पण सगळं एका बैठकीत चढवायचं नसतं. वर्षवार फोल्डर करून, रेंज मिळेल तसं थोडं थोडं चढवावं. गूगलची फुकट जागा 15 जीबी, तीही जीमेलसकट. 1 जून 2021 पासून नवे फोटोही तीत मोजले जातात. म्हणून धूसर, दुबार फोटो आधी गाळावेत. मात्र सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: इकडे पुसलं की तिकडूनही जातं. तेव्हा मूळ डिस्कही जपावी.