विश्लेषण : ‘ठेंगणी’ अरवली हिमालयाहून थोरली कशी? पर्वतांचे वय ऐकून मन का बिचकते?

हिमालयासमोर उभे राहिले की छाती दडपते ती त्याच्या उंचीने. अरवलीचे तसे होत नाही. दिल्ली-जयपूर महामार्गालगतच्या तिच्या झिजलेल्या टेकड्या कोणालाही किरकोळ वाटतील. मात्र त्यांचे वय कळले की हिमालय त्यांच्यापुढे कालचे पोर ठरतो. हेच वय आता या पर्वताच्या मुळावर येते आहे. ते कसे, याविषयी…

अरवली नेमकी किती जुनी?

गुजरातमधील पालनपूर परिसरापासून दिल्लीपर्यंत ही रांग सुमारे ७०० किलोमीटर पसरली आहे. अबू येथील गुरुशिखर (१,७२२ मीटर) हे तिचे सर्वोच्च शिखर. तिच्या पायाशी असलेले काही खडक ३०० कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांवर साचलेल्या थरांना वळ्या पडून हा वली पर्वत टप्प्याटप्प्याने घडला. त्यातील एक मोठा टप्पा सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचा. भारतीय भूखंड आशियाला धडकून हिमालय उभा राहू लागला तो सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, तर सह्याद्रीचा बहुतांश काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे.

हे वय मोजतात कसे?

खडकांत झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक स्फटिक असतात. स्फटिक तयार होताना त्यात थोडे युरेनियम अडकते, शिसे मात्र जवळपास नसतेच. युरेनियमचे ठरावीक गतीने शिशात रूपांतर होत जाते. युरेनियम-२३८ निम्मे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. त्यामुळे स्फटिकात किती युरेनियम उरले आणि किती शिसे साठले, यावरून वयाचे गणित मांडता येते.

आकडे ऐकून अस्वस्थता का वाटते?

ही भावना नवी नाही. १७८८ मध्ये स्कॉटलंडच्या सिकार पॉइंट येथे जेम्स हटन यांनी उभ्या झालेल्या जुन्या थरांवर आडवे पसरलेले नवे थर सोबत्यांना दाखवले. आधी गाळ साचला, त्याचा खडक झाला, तो उचलला गेला, झिजला आणि त्यावर पुन्हा गाळ साचला. या सगळ्याला लागलेल्या काळाच्या कल्पनेनेच भोवळ आल्यासारखे झाले, असे सोबत असलेल्या जॉन प्लेफेअर यांनी पुढे नमूद केले. पृथ्वी जेमतेम ६ हजार वर्षांची असल्याचे युरोपात मानले जाण्याचा तो काळ होता.

आपण काळ मोजतो तो पिढ्यांनी. पणजोबांच्या मागे गेलो की नावेही आठवत नाहीत. १०० कोटी वर्षांचा एक दिवस मानला, तर हिमालयाची घडण शेवटच्या सव्वा तासातली ठरते. आधुनिक मानव येतो तो अखेरच्या २६ सेकंदांत. ५० वर्षांच्या खाणकामाला तर सेकंदाचा दोनशेवा भागही मिळत नाही.

मग अरवली इतकी बुटकी का?

वयामुळेच. जमिनीचे उचलले जाणे थांबले, की ऊन, वारा आणि पाऊस यांचे काम उरते. कोट्यवधी वर्षांत माथे झिजतात आणि कठीण खडकांचे कणे तेवढे शिल्लक राहतात. राष्ट्रपती भवन ज्या रायसीना टेकडीवर आहे, तीही याच रांगेचे टोक. अनेक घरांतील देव्हाऱ्यांचा मकराणा संगमरवरही अरवलीच्याच पट्ट्यातला.

वाद कशावरून?

राजस्थानात तपासलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ टेकड्या १९६७-६८ नंतर नाहीशा झाल्याचे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले. त्या काय हनुमानाने उचलून नेल्या, अशा आशयाचा सवाल तेव्हा न्यायालयाने केला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने भोवतालच्या जमिनीपासून किमान १०० मीटर उंच असलेल्या भूरूपालाच अरवलीची टेकडी मानणारी व्याख्या स्वीकारली. तीव्र विरोधानंतर डिसेंबरअखेर या आदेशाला न्यायालयानेच स्थगिती दिली.

आक्षेपाचा मुद्दा साधा आहे. पर्वत जितका जुना, तितका तो ठेंगणा. उंचीची अट लावली की सर्वांत झिजलेल्या टेकड्याच संरक्षणाबाहेर पडण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात या टेकड्यांच्या भेगांतून पावसाचे पाणी भूगर्भात मुरते, थरच्या वाळूला अडसर होतो आणि लुणी, बनास, साहिबी या नद्यांचा उगमही याच रांगेत आहे. खाण बंद करता येते, तोडलेल्या जागी झाडेही लावता येतात. पोखरून सपाट केलेली टेकडी मात्र कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने परत उभी राहत नाही.