तुतीच्या पानातला धागा

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुणाई नटूनथटून जमते. त्या गर्दीतल्या अस्सल पैठणीतल्या रेशमाचा धागा न् धागा एका अळीच्या तोंडून आलेला असतो. ठाण्यातही पोर्तुगीज काळापासून रेशमी कापड विणलं जाई. स्थानिक ख्रिस्ती विणकरांचा त्यात मोठा वाटा होता. आज राज्यातली तुतीची रेशीमशेती मुख्यतः मराठवाड्यात आहे. बीड-जालन्याचे शेतकरी एके काळी कोष विकायला थेट कर्नाटकातल्या रामनगरला जात. 2018 मध्ये जालन्यातच कोषांची बाजारपेठ सुरू झाली.

अंड्यातून निघालेली अळी मुंगीएवढी, काळसर आणि केसाळ असते. तिला तुतीचा कोवळा पाला बारीक चिरून घालतात. साधारण पंचवीस दिवसांत ती चार वेळा कात टाकते. कात टाकायच्या आधी डोकं वर करून निश्चल बसते, तेव्हा पाला बंद. शेवटच्या, म्हणजे पाचव्या अवस्थेत मात्र तिची भूक विलक्षण वाढते. आयुष्यभराच्या खाण्यातला चार-पंचमांशाहून जास्त पाला ती याच आठवड्यात संपवते. संगोपनगृहात शिरलं की हजारो जबड्यांचा आवाज पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा येतो. जन्मावेळच्या वजनाच्या सुमारे दहा हजार पट ती भरते. पाला ओला असला किंवा हवा कुंद झाली की रोगाची भीती, म्हणून शेतकऱ्याचं घरातल्या माणसांपेक्षा तिच्याकडेच जास्त लक्ष असतं.

मग एक दिवस ती खाणं सोडते. अंग आखडतं, पिवळसर आणि पारदर्शक दिसू लागतं. आता तिला चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर सोडतात. अंगातल्या दोन लांब ग्रंथींमध्ये द्रवरूप रेशीम साठलेलं असतं. खालच्या ओठाजवळच्या बारीक छिद्रातून फायब्रॉइनचे दोन तंतू सेरिसिन नावाच्या डिंकात एकत्र बाहेर येतात आणि डोक्याच्या ओढीने घट्ट होतात. डोकं इंग्रजी आठच्या आकारात हलवत दोन-तीन दिवस ती स्वतःभोवती विणत राहते. साधारण हजार मीटरचा हा धागा सलग असतो. मला या सगळ्या प्रवासात हेच सर्वांत थक्क करणारं वाटतं.

या कोषाच्या आत अळीचा कोशित, म्हणजे पतंग होण्याआधीचा जीव, तयार होतो. त्याला जगू दिलं तर पतंग कोष भिजवून, भोक पाडून बाहेर येतो आणि मग सलग धागा मिळत नाही. म्हणून उष्णता देऊन कोशित मारतात, आणि गरम पाण्यात डिंक सैल करून धागा उलगडतात. रेशीम नेसणाऱ्याला ही किंमत ठाऊक असायलाच हवी.

सगळं रेशीम तुतीवरचं नसतं. विदर्भातल्या भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या पानांवर टसर या रानटी रेशमाची अळी वाढते. तिचा कोष कठीण आणि देठाने फांदीला लटकलेला असतो. ऐनाची झाडं ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरातही आहेत. तिथे असा कोष दिसला तर फोटो काढा, मुलांना दाखवा, पण तोडू नका. आत जीव असतो, आणि ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे.