फाइल एक, हात अनेक

सर्व्हरवरची फाइल उघडल्यावर तुमचा संगणक प्रत्येक बदलासाठी सर्व्हरकडे धाव घेत नाही. विंडोजच्या नेटवर्कवर तो आधी ‘ऑपलॉक’ मागतो. ती फाइल दुसऱ्या कुणी उघडलेली नसेल तर सर्व्हर ही सवलत देतो. मग वाचन आणि बदल संगणकाच्या स्वतःच्या मेमरीतच होतात, काम झपाझप चालतं. दुसऱ्याने तीच फाइल मागितली की सर्व्हर पहिल्याला कळवतो: साठलेले बदल पाठव, सवलत संपली. तोवर दुसरा थांबतो.

जोखीम इथेच आहे. नेमकं त्या वेळी पहिल्याचं नेटवर्क तुटलं, तर न पाठवलेले बदल गेले. अनेकजण एकदम लिहितात त्या अ‍ॅक्सेस किंवा फॉक्सप्रोच्या डेटाबेसचा तर यात पार विचका होऊ शकतो. म्हणून सरसकट ऑपलॉक बंद करणारे भेटतात. मला ते पटत नाही, सगळ्यांचाच वेग जातो. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या ‘सांबा’ या मुक्त सर्व्हरमध्ये ‘व्हेटो ऑपलॉक फाइल्स’ ही नेमकी सोय आहे. तिथे अशा डेटाबेसचे एमडीबी, डीबीएफ हे फाइल-प्रकार नोंदवा. तेवढ्याच फाइलींची सवलत थांबते. डेटाबेसमधल्या नोंदींवरचं कुलूप मात्र ऑपलॉकपेक्षा वेगळं असतं. त्याला हात लावू नका.