मामा, ब्रोशर आणि कटिंग चहा

नाशिकचा वीकएंड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गंगापूर धरण, वाइनचा ग्लास आणि भरपूर फोटो. माझंही तेच होतं. मामा 'कृषिथॉनला चल' म्हणेपर्यंत!

कृषिथॉन म्हणजे नोव्हेंबरात आमच्या ठक्कर डोमवर भरणारं शेतीचं प्रदर्शन. ट्रॅक्टर, ठिबक, बियाणं, फवारणीचे ब्लोअर... शेतकऱ्यांचा ऑटो एक्स्पोच म्हणा ना! (हिल्स घालून जाऊ नका, मी गेले होते.)

मामाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर घड कोवळे असतात, तेव्हा ढग दिसला तरी त्याला झोप लागत नाही. 26 नोव्हेंबर 2023 च्या रविवारी तिकडे गारपीट झाली आणि त्याचा वर्षाचा माल तासाभरात मातीत गेला. तेव्हापासून एकच ध्यास, बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन. पण त्यासाठी कर्ज काढायचं की नाही?

स्टॉलवरचा मुलगा अगदी आपल्यातलाच. फॉर्मल शर्ट, गळ्यात आयकार्ड, प्रेझेंटेशन तोंडपाठ. मामाने सगळं ऐकलं, ब्रोशर पिशवीत टाकलं (आधीची अकरा होतीच!) आणि सरळ चहाच्या स्टॉलकडे निघाला. मला वाटलं, कंटाळला.

खरी मीटिंग तिथेच होती, बॉस! 2009 च्या अवकाळी पावसापासून 2010 मध्ये रसायनांच्या अंशापायी युरोपात अडकलेल्या द्राक्षांपर्यंत सगळे विषय निघाले. त्यात दिंडोरीकडचे एक काका भेटले. त्यांच्या आच्छादनाला दोन हंगाम झालेले.

"भाऊ, कागद चांगलाय. पण सांगाडा हलका घेऊ नका. वाऱ्यात आमच्या दोन ओळी आडव्या झाल्या."

"हप्ता झेपतो का?" मामाने हळूच विचारलं.

काका जरा थांबले. "पहिल्या वर्षी मंडळींचे दागिने ठेवले गहाण."

हे कुठल्या ब्रोशरमध्ये छापतात?

परतताना मी विचारलं, "मामा, हल्ली यूट्यूबवर सगळं असतं ना?"

"असतं की पोरी. पण त्याला हप्त्याचं विचारता येतं का?"

मामाने तूर्त एकाच एकरावर आच्छादन टाकायचं ठरवलंय, तेही काकांची बाग बघून आल्यावर. बारा ब्रोशर अजून माझ्या गाडीत पडलीयत.