हरलेल्यांचंही निशाण फडकायचं

दहावी-बारावीचा निकाल लागला की कुणीतरी म्हणतंच, ‘फ्लाइंग कलर्सनं पास झाली हो!’ पेढ्यांच्या गडबडीत हे कलर्स कुठले, असं कोण विचारत बसतो? ते रंग नव्हेतच. ती निशाणं आहेत, पलटणीची आणि जहाजांची. समुद्रावर निशाण उतरवलं की शरणागती, आणि ते फडकवत बंदरात परतलं की फत्ते. बहुतेकजण ही गोष्ट इथंच संपवतात. मला मात्र जमिनीवरची हकिगत जास्त चक्रावून टाकते, कारण तिथं हा मान हरलेल्यांनाही मिळायचा!

सतराव्या-अठराव्या शतकांतल्या युरोपात वेढ्याचेही रिवाज असत. शिबंदी नेटानं झुंजली आणि तरी किल्ला खाली करायची पाळी आली, तर ती तहात कलम घालून घ्यायची. हत्यारं हातात, ढोल वाजताहेत, निशाणं फडकताहेत, असं आम्ही बाहेर पडू. कधी तर बंदुकीचा तोडा पेटता आणि गोळी दातांत धरलेली. म्हणजे, वेळ आली तर अजूनही बार काढू, बरं का!

हा रिवाज आपल्या वसईनंही पाहिलाय. मे १७३९मध्ये पोर्तुगीजांनी चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे हात टेकले, त्या तहात शिबंदीला ढोल वाजवत, निशाणं फडकवत, शिवाय चार तोफा आणि दोन उखळी तोफा घेऊन जायची मुभा होती. वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसं कामी आली होती, तरीही.

हा मान नाकारला की किती झोंबायचं, ते अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात दिसलं. १७८०मध्ये चार्ल्सटन पडलं, तेव्हा इंग्रजांनी बेंजामिन लिंकनच्या अमेरिकन फौजेला निशाणं गुंडाळूनच बाहेर यायला लावलं. पुढच्याच वर्षी, १९ ऑक्टोबर १७८१ला, यॉर्कटाउनला इंग्रज शरण आले. त्यांचा सेनापती कॉर्नवॉलिस, हाच पुढं आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. त्यानं युद्धातले मानसन्मान मागितले. अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टननं चार्ल्सटनच्याच अटी त्याच्यापुढे ठेवल्या. इंग्रज फौज निशाणं गुंडाळून बाहेर पडली. कॉर्नवॉलिस आजाराचं कारण सांगून आलाच नाही, त्यानं आपला दुय्यम ओ’हारा याला पाठवलं. वॉशिंग्टननंही त्याला आपल्या दुय्यमाकडं वळवलं. तो दुय्यम होता बेंजामिन लिंकन.