शाळा उघडायची का? ठराव आपल्याच गावात होणार

ताईंनो, सध्या गटाच्या बैठकीत हप्ते बाजूला राहतात आणि शाळेचाच विषय निघतो. काहीजणी म्हणतात, पोरं सगळं विसरली, उघडा एकदाची. काहीजणी म्हणतात, घरात म्हातारी माणसं आहेत, पोरगं आजार घेऊन आलं तर? दोन्हीकडचं खरंच आहे.

जुलै 2021 च्या शासन निर्णयानुसार, ज्या गावात किमान महिनाभर कोरोनाचा रुग्ण नव्हता, तिथे आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करता येत होते. त्यासाठी पालकांशी बोलून ग्रामपंचायतीने ठराव करायचा होता. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती असायची. एका बाकावर एकच मूल, वर्गात फार तर 15-20, अशी अट होती. म्हणजे पट मोठा असेल तर पाळीपाळीनेच.

मला विचाराल तर अटी पाळून उघडावी. घरात मोबाईल एक, तोही दिवसभर बाहेर. संध्याकाळी आला की आधी मुलाच्या हातात, मुलीच्या हातात भांडी. (रेंजचं तर बोलायलाच नको.) त्यात नववी-दहावीची पोरगी वर्षभर घरी दिसली की पाहुणे स्थळं सुचवायला लागतात. शाळा चालू असली की “दहावी तरी होऊ द्या” म्हणायला आईला आधार असतो.

पण ठरावावर नुसता अंगठा नको. विचारा: हात धुवायला पाणी कोण भरणार? शौचालय चालू आहे का? शाळेत विलगीकरण कक्ष होता, तर खोल्या निर्जंतुक केल्या का? शिक्षकांनी लस घेतली का? शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात, त्या ताईंनाही सोबत घ्या. बैठक कधी आहे, ते ग्रामसेवकांना याच आठवड्यात विचारून ठेवा.